रोल संपण्याची भीती गेली, तेव्हा आणखी काय गेले?

फिल्मवरून डिजिटलकडे आलेल्या छायाचित्रकाराच्या कामात आणि स्वभावात नेमका काय फरक पडतो, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. कोणता कॅमेरा विकत घ्यावा, अशी विचारणा करणारी पत्रे बाजूला ठेवावी लागली. त्या प्रश्नाचे उत्तर अंक छापून हाती पडेपर्यंत शिळे झालेले असते.

प्रश्न : वडिलांनी सुरू केलेला स्टुडिओ मी आज चालवतो आहे. फिल्मच्या काळात एका लग्नाला चार-पाच रोल पुरत असत. आता दोन-अडीच हजार फोटो निघतात, पण अल्बमसाठी निवडायला बसलो की पूर्वीसारखा ठसठशीत फोटो पटकन हाती लागत नाही. मुलगा म्हणतो, ‘बाबा, तुम्हाला जुन्याचे प्रेम आहे, बाकी काही नाही.’ कॅमेरा बदलल्याने माणूसही बदलतो का, की हा केवळ वयाचा परिणाम आहे? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपल्या चिरंजीवांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. जुन्या अल्बममध्ये दिसतात ते निवडून उरलेले फोटो. त्याच रोलमधले डोळे मिटलेले, हललेले, फ्लॅश न पेटलेले फोटो आपण केव्हाच विसरलो आहोत. तरीही आपली तक्रार वयावर ढकलून मोकळे होता येणार नाही.

अंतरपाट दूर होण्याचा क्षण आपण फिल्मवर कसा टिपत होता, ते आठवून पाहा. मंगलाष्टके सुरू झाली की आधी फ्रेमचा आकडा बघायचा. तो तिसाच्या पुढे गेलेला असेल तर उरलेल्या पाच-सहा फ्रेमवर पाणी सोडून रोल गुंडाळायचा आणि नवा भरायचा, कारण ऐन वेळी रोल संपला तर भटजी पुन्हा अंतरपाट धरणार नसत. फ्लॅश एकदा पेटला की पुन्हा भरायला काही सेकंद लागत, म्हणून शेवटच्या एक-दोन मंगलाष्टकांत हात आखडता घ्यायचा. ‘तदेव लग्नं’ सुरू झाले की जागा पक्की करायची, वधूच्या मामांचा खांदा आड येणार नाही हे पाहायचे, फोकस लावून ठेवायचा आणि थांबायचे. बटण दाबण्याआधीच तो फोटो आपल्या डोक्यात काढून झालेला असे. निगेटिव्हवर तो उमटला की नाही, हे मात्र रोल धुऊन येईपर्यंत कळत नसे, आणि म्हणून हार पडल्यानंतरही आपली नजर समोरच राहत असे. दुसरीकडे पाहण्यासारखे काही नव्हतेच.

आता बोट दाबून धरले की सेकंदाला आठ-दहा फ्रेम निघतात. क्षण हुकण्याची शक्यता त्यामुळे खरोखर कमी झाली आहे आणि हा फायदा नाकारण्यात शहाणपण नाही. परंतु क्षण कोणता, हे ठरवण्याचे जे काम पूर्वी मांडवात, बटण दाबण्यापूर्वी होत असे, ते आता रात्री संगणकासमोर होते. आणि त्याहून मोठा बदल कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्याने केला आहे. हार पडले रे पडले की छायाचित्रकाराची मान खाली जाते. फोटो आला की नाही, हे तो तपासतो. नेमक्या त्याच दोन-तीन सेकंदांत वधूच्या आईच्या चेहऱ्यावर जे उमटून जाते, ते मान खाली असलेल्या माणसाला दिसत नाही. दोन-अडीच हजार फोटोंत तो फोटो नसतो, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

माझ्या मते फिल्म आणि डिजिटल यांतला खरा फरक हा टिपणे आणि जोखणे या दोन कामांमधल्या अंतराचा आहे. फिल्मवर ही दोन कामे एकत्र करणे शक्यच नव्हते. डिजिटलवर ती वेगळी ठेवणे अवघड झाले आहे. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड तर हे अंतर मुद्दाम वाढवत असे. फोटो काढतानाचा आनंद किंवा वैताग निवडीत डोकावू नये म्हणून तो रोल वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ तसेच ठेवून मग धूत असे. १९८४ मध्ये तो वारला तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले निघाले. इतक्या टोकाला जाण्याचे कारण नाही, पण त्यामागचा विचार बिनतोड आहे. ज्या फोटोसाठी आपण तासभर उन्हात उभे राहिलो, तो आपल्याला त्या रात्री चांगलाच वाटतो. आठवड्याने ते ऊन विसरले जाते आणि समोर फक्त फोटो उरतो.

ब्राझीलचे छायाचित्रकार सेबास्तियाव सालगादो यांनी दीर्घकाळ फिल्मवर काम केल्यानंतर २००८ च्या सुमारास, निसर्गावरचा मोठा प्रकल्प चालू असताना, डिजिटल कॅमेरा हाती घेतला. विमानतळावरच्या क्ष-किरण तपासण्यांतून फिल्म पुन्हा पुन्हा जाऊ लागल्याने तिच्यावर होणारा परिणाम हे त्यामागचे एक मोठे कारण होते. त्यांनी कॅमेरा बदलला, पण निवडीची पद्धत बदलली नाही. डिजिटल फाइलींवरून ते कागदावर कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे सगळ्या फ्रेम छोट्या आकारात ओळीने दाखवणारा कागद, छापून घेत आणि पूर्वीप्रमाणेच भिंग लावून त्यांतून फोटो निवडत. आपल्याकडे रघू राय यांचे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. २००३ मध्ये एका नियतकालिकाच्या कामासाठी मुंबईत असताना त्यांनी निकॉनचा डी१०० हा डिजिटल कॅमेरा वापरला आणि त्यानंतर फिल्मकडे परत जाणे आपल्याला जमले नाही, असे ते सांगत. त्या कॅमेऱ्यात सहा मेगापिक्सेल होते. आजच्या साध्या फोनमध्येही आकड्याने अधिक असतात. तेव्हा डिजिटलमुळे नजर बिघडतेच, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. चाळीस वर्षे डोक्यात फोटो काढण्याची सवय मुरलेल्या माणसाच्या हातात पडदा आला तर तो त्याचा गुलाम होत नाही. पडदा पाहतच शिकलेल्या माणसाचे काय होते, हा खरा चिंतेचा भाग आहे.

आपण दोन गोष्टी करून पाहाव्यात. कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये प्रत्येक फोटोनंतर तो पडद्यावर आपोआप दाखवण्याची सोय असते, ती बंद करावी. कार्यालयात पोहोचल्यावर उजेड आणि फ्लॅश एकदा तपासावेत, पुन्हा जेवणाच्या पंगती बसल्यावर तपासावेत आणि विधी चालू असताना पडद्याकडे पाहू नये. दुसरे म्हणजे लग्नाच्या रात्रीच निवड करू नये. फाइली दोन ठिकाणी उतरवून ठेवाव्यात आणि चार दिवसांनी बसावे. हल्ली यजमानांना त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो हवे असतात, हे मला ठाऊक आहे. त्यांना दहा फोटो पाठवून द्यावेत. अल्बम मात्र चार दिवसांनी केलेल्या निवडीतूनच करावा. आणि मुलालाही एकदा समोर बसवून दोघांनी स्वतंत्रपणे निवड करून पाहावी; कोणाचे कुठे चुकते, याबद्दलचा वाद तरी ठोस मुद्द्यांवर होईल.

प्रश्न : गोदाघाटावर सकाळी फोटो काढण्याचा मला अनेक वर्षांचा छंद आहे. फिल्मवर मी नेहमी थोडा जास्त उजेड देत असे आणि प्रिंट सुरेख येत. तीच सवय डिजिटलवर ठेवली तर आकाश पांढरेफटक होते आणि संगणकावरही ते परत मिळत नाही. माझे काय चुकते आहे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली सवय निगेटिव्ह फिल्मसाठी अगदी योग्य होती. निगेटिव्हवर जितका जास्त उजेड पडतो तितकी ती दाट होते, परंतु हे दाट होणे वरच्या टोकाला हळूहळू मंदावते. त्यामुळे गरजेपेक्षा एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) जास्त उजेड पडला तरी आकाशातल्या ढगांचे फरक दाट निगेटिव्हमध्ये शिल्लक राहत आणि प्रिंट काढताना एन्लार्जर या निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली थोडा जास्त वेळ देऊन ते कागदावर आणता येत. उलट सावलीत उजेड कमी पडला तर निगेटिव्ह तेवढ्या भागात कोरी काच झाल्यासारखी राही, आणि जे उमटलेच नाही ते कोणत्याही कागदावर आणणे शक्य नसे. म्हणून जुने लोक सावली पाहून उजेड ठरवत आणि प्रखर भाग रोल धुण्याच्या वेळेवर सांभाळत.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी असलेल्या सेन्सरचे गणित निराळे आहे. त्याच्या प्रत्येक बिंदूत उजेडाच्या प्रमाणात विद्युतभार साठतो आणि पिंप काठोकाठ भरल्यावर वरचे पाणी वाहून जावे, तसा क्षमतेपलीकडचा उजेड नोंदला जात नाही. तेथे फरक उरत नाही, फक्त पांढरे उरते. सावलीत मात्र थोडा दाणेदारपणा पत्करून दोन-तीन स्टॉपपर्यंतचे तपशील उकलता येतात, अर्थात फाइल रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने काटछाट न केलेल्या कच्च्या रूपात, घेतलेली असेल तर. सावधगिरीची दिशाच अशी उलटी झाली आहे. जे लोक पूर्वी स्लाइड फिल्म वापरत होते त्यांना डिजिटल चटकन जमले ते यामुळेच; स्लाइडलाही जादा उजेड अर्ध्या स्टॉपपलीकडे फारसा सोसत नसे.

तेव्हा घाटावर उभे राहिल्यावर आधी सर्वांत उजळ भाग कोणता, हे पाहावे. पाण्यावरचे ऊन, पांढरे धोतर, देवळामागचे आकाश यांपैकी जे गमावणे परवडणार नाही ते सांभाळून उजेड ठरवावा. पाण्यात पडलेले सूर्याचे थेट प्रतिबिंब पांढरे झाले तर होऊ द्यावे. ते आपल्या डोळ्यांनाही पांढरेच दिसते. पडद्यावरचा आलेख, ज्याला हिस्टोग्राम म्हणतात, तो कॅमेऱ्याने तयार केलेल्या जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे तो उजव्या, म्हणजे उजळ बाजूच्या, कडेला किंचित टेकला म्हणून लगेच घाबरण्याचे कारण नाही. रॉ फाइलमध्ये थोडी जागा बहुधा शिल्लक असते. या नव्या सवयीचा एक परिणाम आपल्या लक्षात येईल, तो असा की पूर्वी अंधाऱ्या ओवरीतल्या माणसाकडे आधी जाणारी आपली नजर आता आकाशाकडे जाऊ लागेल. उजेड आकाश पाहून ठरवा, पण फोटो ओवरीतल्या माणसाचाच काढा.

प्रश्न : माझ्या फिल्म कॅमेऱ्याची ५० मिमीची लेन्स नव्या डिजिटल कॅमेऱ्याला बसते, पण तिच्यातून सगळेच जवळ दिसते. लेन्स बिघडली आहे का? — एक वाचक, पणजी

उत्तर : लेन्स शाबूत आहे. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३५ मिमी फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान असणार. बहुतेक कंपन्यांच्या अशा कॅमेऱ्यांत ५० मिमीची लेन्स फिल्मवरच्या ७५ मिमीच्या लेन्सइतकाच भाग दाखवते. जुन्या घराच्या बलकांवचा, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीचा, फोटो काढायला आपल्याला आता रस्ता ओलांडून पलीकडे जावे लागेल, आणि चेहऱ्यांचे फोटो मात्र पूर्वीपेक्षा बरे येतील. पूर्वीचा आवाका हवा असेल तर ३५ मिमीची लेन्स घ्यावी.

प्रश्न : पूर्वी रोल लॅबमध्ये दिला की आमचे काम संपत असे. आता रात्री उशिरापर्यंत रंग नीट करत बसावे लागते. फोटोला एवढा हात लावणे ही एक प्रकारची फसवणूक नाही का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : हात पूर्वीही लागत होता, फक्त तो दुसऱ्याचा होता. स्टुडिओंतून निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे वांग आणि सुरकुत्या मिटवणारे कारागीर असत. डार्करूममध्ये एन्लार्जरच्या उजेडात तळहात किंवा तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा हलवून चेहरा उजळ आणि आकाश गडद केले जाई. रंगीत फोटोंच्या बाबतीत तर फोटोचा रंग बऱ्याच अंशी लॅबच्या यंत्रावर बसलेला माणूस ठरवत होता. मंगल कार्यालयात व्हिडिओवाल्याचे हॅलोजन दिवे सुमारे ३२०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप) पिवळा उजेड टाकत आणि आपली फिल्म सुमारे ५५०० केल्विनच्या दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली असे. नवरीचा मोतिया रंगाचा शालू निगेटिव्हवर नारिंगीकडे झुकलेला उतरे. लॅबमधला माणूस, ज्याने तो शालू पाहिलेलाही नसे, तो अंदाजाने निळा रंग वाढवून तो सावरत असे. आपल्याला दोष दिसत नसे म्हणून फोटो अस्पर्श आहे असे वाटे, इतकेच.

काही फिल्म तर छायाचित्रकाराला स्वतः धुता येतच नसत. १९३५ ते २००९ एवढा काळ चाललेली कोडॅक्रोम ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. तिची प्रक्रिया इतकी किचकट होती की ती मोजक्या प्रयोगशाळांतच होई, आणि शेवटी जगात एकच, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील पार्सन्स या गावची, उरली. कारखान्यातून निघालेला अखेरचा रोल अमेरिकन छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना देण्यात आला. त्यातल्या काही फ्रेम त्यांनी भारतात काढल्या, आणि तो रोल धुण्यासाठी त्यांनाही त्याच गावी जावे लागले.

आता रंगाची जबाबदारी आपल्याकडे आली आहे आणि कंटाळवाणी असली तरी ती योग्य माणसाकडे आली आहे, असे मी म्हणेन. शालूचा खरा रंग आपणच पाहिलेला असतो. तो विसरू नये म्हणून समारंभाच्या सुरुवातीला त्याच उजेडात एक करड्या रंगाचे कार्ड धरून फोटो काढून ठेवावा; त्या करड्यावरून बाकीचे रंग जुळवता येतात, म्हणजे रात्रीचे निम्मे जागरण वाचेल. फसवणुकीची रेषा कुठे येते, हे फोटो कशासाठी आहे त्यावर ठरते. लग्नाच्या अल्बममध्ये मागची विजेची तार पुसली तर कोणाचे नुकसान होत नाही. बातमीच्या फोटोत तीच तार पुसली तर तो फोटो बाद ठरतो. वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेत शेवटच्या टप्प्यांत आलेल्या फोटोंच्या मूळ फाइली मागवून पडताळणी होते, आणि २०१५ साली अंतिम टप्प्याच्या अलीकडच्या फेरीतील सुमारे एक-पंचमांश फोटो अशा फेरफारांमुळे वगळावे लागले होते. गोरेपणाच्या हौसेपायी नवरीचा वर्णच बदलून टाकण्याची जी रीत स्टुडिओंत पेन्सिलीच्या काळापासून चालत आली आहे, तिच्याबद्दल मात्र मला आपल्यापेक्षा अधिक राग आहे.

प्रश्न : मी छायाचित्रण शिकते आहे. आमचे एक सर म्हणतात की फिल्मवर शिकल्याशिवाय फोटोग्राफी येत नाही. जुना फिल्म कॅमेरा स्वस्तात मिळतो आहे, पण रोल, धुलाई आणि स्कॅनिंग यांचा खर्च झेपणारा नाही. काय करावे? — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : खर्च झेपत नसेल तर फिल्मच्या मागे लागू नये. फिल्मवर शिकताना आमच्या पिढीची बरीचशी शक्ती ज्या गोष्टींत गेली, त्यांचा पाहण्याशी काही संबंध नव्हता. कृष्णधवल रोल धुण्याचे डेव्हलपर साधारण २० अंश सेल्सिअसला वापरायचे असते आणि एप्रिल-मे महिन्यांत नळालाच गरम पाणी येते, म्हणून बर्फ आणून बाटल्या थंड करत बसावे लागे. कोणता फोटो किती शटर स्पीडला आणि किती ॲपर्चरला काढला, हे वहीत लिहून ठेवले नाही तर रोल धुऊन येईपर्यंत ते आठवत नसे, आणि मग चूक दिसली तरी तिचे कारण कळत नसे. आपल्या डिजिटल फाइलमध्ये हे सारे आपोआप नोंदलेले असते. ते रोज उघडून वाचणारा विद्यार्थी आमच्यापेक्षा लवकर शिकतो, यात मला शंका नाही.

आपल्या सरांना जे द्यायचे आहे ते बहुधा मर्यादेचे शिक्षण आहे. छत्तीस फ्रेमची सवय लोकांच्या मनात इतकी पक्की होती की १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जोडला, तेव्हा फोटो साठवणाऱ्या कॅसेटसाठी त्यांनी तीस हा आकडा मुद्दाम ठरवला, कारण तो २४ आणि ३६ या रोलच्या दोन परिचित आकड्यांच्या मध्ये बसत होता. त्या यंत्राला एक फोटो कॅसेटवर नोंदवायला तेवीस सेकंद लागत, तेव्हा उधळपट्टीचा प्रश्नही नव्हता. दयानिता सिंग यांच्यासारख्या कलावंताने हॅसलब्लाड कॅमेऱ्यावर आणि एका रोलला बाराच फ्रेम देणाऱ्या १२० फिल्मवर काम केले, तेही डिजिटल मिळत असताना समजूनउमजून केले. पण तो त्यांच्या कामाच्या गरजेतून आलेला निर्णय होता, प्रवेशपरीक्षा नव्हती.

ती मर्यादा आपल्याला फुकट मिळवता येईल. मंडईत सकाळी जा, कॅमेऱ्याच्या पडद्यावर कागद चिकटवा, छत्तीस फोटो काढा आणि परत या. प्रत्येक फोटोनंतर काय आले असेल, ते वहीत एका ओळीत लिहा. कार्ड आठवडाभर उघडू नका. आठवड्याने फोटो आणि वहीतल्या ओळी शेजारी ठेवून पाहा. पहिल्या खेपेला दोहोंत फारसे साम्य आढळणार नाही. भाजीवालीचा हात आणि तराजू टिपला असे आपण लिहिलेले असेल आणि फोटोत तिच्यामागचा निळा प्लास्टिकचा कागद सर्वांत आधी डोळ्यांत भरेल. तो कागद त्या सकाळीही तिथे होताच. आपण तो पाहिला नव्हता. असे काही वेळा केले की कागद आधी दिसू लागतो. स्वतःहून घातलेली मर्यादा केव्हाही मोडता येते आणि रोलची मोडता येत नसे, हा फरक राहतोच. पण महिन्याच्या खर्चाचा विचार करता तो सोसण्यासारखा आहे.

प्रश्न : कार्डात जागा राहावी म्हणून मी नको असलेले फोटो तिथल्या तिथे पुसून टाकतो. हे योग्य आहे का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पुसू नयेत. कॅमेऱ्याच्या तीन इंची पडद्यावर फोटो हलला आहे की नाही, हेही नीट कळत नाही, मग तो नकोसा आहे हे कसे कळणार? निगेटिव्हच्या पट्टीत वाईट फ्रेमही चांगल्या फ्रेमच्या शेजारी राहत असे, आणि कॉन्टॅक्ट शीटवर भिंग लावल्यावर आपण चांगल्या फोटोपर्यंत कसे पोहोचलो, किंवा एक पाऊल आधीच कसे थांबलो, ते ओळीने दिसत असे. आपण जे पुसतो आहात त्यात ती ओळ जाते. दुसरे कार्ड घ्या. रोलच्या मानाने ते फारच स्वस्त आहे.